किल्ला मुलांनाच करू द्या

दिवाळीत बाजारातून प्लास्टरचा तयार किल्ला आणण्यापेक्षा मुलांना मातीत हात घालू द्यावेत, असे आम्हाला आग्रहाने वाटते. दगड रचणे, गोणपाट चिखलात भिजवून पसरणे, उतारावर अळीव पेरून ते उगवेपर्यंत रोज पाणी शिंपडणे, यातून मुलाला सणातले खरे काम मिळते. तयार किल्ल्यापुढे ते नुसते प्रेक्षक उरते. युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी जिंजी तमिळनाडूत आहे, हेही नकाशा पाहून बुरूज रचणाऱ्याच्या ध्यानात राहते. फ्लॅटमध्ये जागा नाही, हा आक्षेप खरा. पण गॅलरीतल्या पाटावरही राजगडाची माची उभी राहते. वेळेची अडचण त्याहून मोठी. तिथे फराळाचा एखादा जिन्नस विकत आणावा आणि ती संध्याकाळ किल्ल्याला द्यावी. बुरूज वाकडा झाला, तर मोठ्यांनी तो सरळ करू नये.