अंदमानची सहल : पैसे वाचवायचे की दिवस?

समजा, नाशिकचे एक कुटुंब बदलीमुळे कोलकात्यात राहायला आले आहे. मुलांना निळा समुद्र आणि पांढरी वाळू पाहायची आहे. आजोबांचे म्हणणे एवढेच, की हातपाय चालताहेत तोवर सेल्युलर जेलमधील सावरकरांची कोठडी पाहून यावी. दोन्ही इच्छा अंदमानात पुऱ्या होतात. अडचण एकच. पाच माणसांचे जाण्यायेण्याचे विमानभाडे मांडले, की सूनबाईंच्या हिशेबाच्या वहीचे पान तिथेच भरते.

अशा वेळी कोणीतरी हमखास सांगते, ‘‘बोटीने जा की!’’ सल्ला चुकीचा नाही. खिदिरपूरच्या गोदीतून अंदमानला प्रवासी जहाजे जातात. १९०९ मध्ये अलीपूर बाँब खटल्यात शिक्षा झालेल्या बारींद्रकुमार घोषांना कोलकात्याहूनच अंदमानला नेले होते. जहाजात सर्वांत स्वस्त वर्ग बंकचा, म्हणजे एका मोठ्या दालनातील एकावर एक फळ्या. त्याहून महाग केबिन.

मात्र सुमारे साडेबाराशे किलोमीटरच्या या प्रवासाला तीन ते चार दिवस लागतात. हुगळी नदीतून खुल्या समुद्रात पोहोचायलाच बराच वेळ जातो. जाताना चार आणि येताना चार दिवस धरले, तर दहा दिवसांच्या रजेत बेटावर राहायला उरतात जेमतेम दोन. शिवाय जहाजे रोज नसतात आणि तारखाही बदलतात. म्हणून वेळापत्रक जाहीर झाल्यावरच रजा टाकावी. जहाज पोहोचेल त्याच दिवसाचे पुढचे कोणतेही तिकीट काढू नये.

मधला मार्ग असा : जाताना जहाज आणि येताना दोनतीन महिने आधी काढलेले विमानाचे तिकीट. मुलांना जहाजाची मौज मिळते आणि बेटावर पाचसहा दिवस हाती राहतात. बोट लागण्यावरील गोळ्या, लिंबू, कोरडा खाऊ आणि नेहमीची औषधे जवळ असावीत.

आजोबांचे काय? येथे काटकसर थांबवावी. जहाज हलत असताना अरुंद जिने चढणे आणि रात्री स्वच्छतागृहापर्यंत जाणे म्हाताऱ्या माणसाला जड जाते. आजोबांना दोन्ही वेळा विमानानेच न्यावे. सोबतीला सूनबाई आणि जहाजावर मुलांबरोबर बाबा, अशी वाटणी करता येते. ते पैसे दुसरीकडे वाचवावेत.

श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, येथे साध्या लॉजमध्ये मुक्काम करावा. सगळी बेटे पाहण्याचा अट्टहास नको. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, एवढे एकच बेट निवडावे. खासगी वेगवान बोटीऐवजी सरकारी फेरीने जावे. राधानगरच्या किनाऱ्यावर बसायला पैसे पडत नाहीत. ओळखपत्रे आणि थोडी रोकड जवळ ठेवावी. सूर्य लवकर मावळतो, म्हणून फिरणे सकाळीच उरकावे. शंख-प्रवाळ उचलण्याचा मोह मुलांना होईल. ते कायद्याने मना आहे, हे घरूनच समजावून सांगावे.

जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम. पूजेच्या सुट्टीत बंगाली पर्यटकांची झुंबड असते, तर मेच्या उत्तरार्धात पाऊस आणि खवळलेला समुद्र.

सेल्युलर जेलसाठी मात्र अख्खी सकाळ राखून ठेवावी. मूळच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. १९११ मध्ये येथे आणलेल्या सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. आजोबांना जिने सावकाश चढू द्यावे आणि तिथे हवा तेवढा वेळ उभे राहू द्यावे. किनारे मुलांना मोठेपणीही पाहता येतील. आजोबांच्या गुडघ्यांना तेवढी सवड नसते.