‘सबर कर’ म्हणण्याआधी

गेल्या वर्षी आमच्या घरी गरोदरपणाची एक जाडजूड फाईल तयार झाली. हिमोग्लोबिन, रक्तदाब, शुगर, सोनोग्राफी, सगळं तारीखवार. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे एक्सेल शीट केली, गोळ्यांचे अलार्म लावले आणि आपण चांगले नवरे आहोत असं समजून बसलो.

सातव्या महिन्यात एका रात्री पाणी प्यायला उठलो, तर पत्नी स्वयंपाकघरात अंधारात बसलेली. म्हणाली, “रडू येतं. रोजच येतं.” तिने हे अम्मीला आधीच सांगितलं होतं. अम्मीने मायेनेच म्हटलं होतं, “सबर कर बेटी, सबकू होता है.” त्यानंतर तिने कुणालाच काही सांगितलं नाही. इतक्या तपासण्यांमध्ये “मन कसं आहे?” हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, आणि मीही नाही.

लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 च्या त्यांच्या पुस्तकात ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक, अडचणच दूर करणे. दुसरा, अडचणीमुळे उठलेल्या भावना सांभाळणे. मी फक्त पहिला मार्ग धरला होता. पण बाळंतपणाची भीती एक्सेलने जात नाही. तिथे ऐकून घेणारं माणूस लागतं. उलट, घरभाडं किंवा नोकरीची चिंता असलेल्या बाईला नुसता धीर देऊन भागत नाही, तिथे खरी मदत लागते. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा दिली, पण घरी बसून शिवणकाम करणाऱ्या आपल्या बहिणींना ती कोण देणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार विकसनशील देशांत 15.6 टक्के गर्भवती स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. म्हणजे सहा-सात जणींमागे एक. थोडी चिडचिड, थोडी धास्ती सगळ्यांनाच असते. पण उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो ‘नखरा’ नाही आणि ईमानाची कमतरताही नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तो ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली 1987 पासून उपलब्ध आहे. ती बाळंतपणानंतरसाठी तयार झाली, पण गरोदरपणातही वापरतात. भरायला पाचेक मिनिटं लागतात.

आपल्याकडे ‘सब्र’चा अर्थ गप्प राहणे असा करून टाकला आहे. कुरआनातली हजरत मरियम यांची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. प्रसववेदनांनी व्याकूळ होऊन खजुराच्या झाडाखाली त्या म्हणतात की, याआधीच मरण आलं असतं तर बरं झालं असतं. त्यावर त्यांना कुणी दटावत नाही. दुःख करू नका असा दिलासा मिळतो, पायाशी पाणी मिळतं, खायला ताजे खजूर मिळतात. ज्या कथेत एवढ्या मोठ्या स्त्रीला आपली वेदना मोठ्याने बोलता येते, ती कथा मानणाऱ्या घरांत सुनेने का गप्प बसावं?

तरुण मित्रांनो, हे काम आपलं आहे. पत्नीबरोबर तपासणीला जा, बाहेर बाकावर बसू नका. झोपेबद्दल, मनाबद्दल डॉक्टरांना तुम्हीच विचारा. मुलगाच हवा म्हणणाऱ्यांना तुम्ही उत्तर द्या, तिच्यावर सोडू नका. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर सकाळची वाट पाहू नका.

आम्ही त्या रात्रीनंतर समुपदेशकाकडे गेलो. पहिल्या दिवशी अम्मीला नको वाटलं. तिसऱ्या वेळी तीच सोबत आली, आणि परतताना रिक्षात म्हणाली, “मेरेकू भी ऐसाच होता था. किसीने पूछाच नहीं.”