गोळ्यांची शेगडी पेटत नाही तेव्हा



शेगडी पेटली नाही की घरात काय किंवा कँटीनमध्ये काय, पहिला ठपका शेगडीपुढे उभ्या असलेल्या बाईवर येतो. 'तुला पेटवताच येत नाही,' असे म्हणून लोक मोकळे होतात. पंगत किंवा पाळी सुटण्याची वेळ जवळ आलेली असते, धूर डोळ्यांत जात असतो, आणि मग हात रॉकेलच्या नाहीतर थिनरच्या बाटलीकडे जातो. अपघात होतो तो इथेच. म्हणून या वेळी भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणाऱ्या शेगडीविषयी लिहीत आहोत. चऱ्होलीहून मोशी-चाकणकडे कँटीनच्या आणि खानावळीच्या कामाला जाणाऱ्या भगिनींना अशी शेगडी हाताळण्याची वेळ कधीही येऊ शकते.

ही शेगडी आपल्या भागाला अगदी नवी नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी घडवलेली 'ऊर्जा' नावाची शेगडी बीपी कंपनीने 2006 पासून महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडूत विकली. सुमारे 4 लाख शेगड्या घरोघरी गेल्या. तळाशी बॅटरीवर फिरणारा छोटा पंखा, वर गोळ्यांचे भांडे, आणि चुलीपेक्षा कितीतरी कमी धूर. पुढे गोळ्यांचे भाव वाढले, पुरवठा अडखळला, बॅटऱ्या कुरकुरू लागल्या आणि पुष्कळ घरांत शेगडी माळ्यावर गेली. नंतर हा धंदा हॉटेले आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळला.

कोणताही जाळ तीन गोष्टींवर उभा असतो. कोरडे जळण, पुरेशी हवा आणि पेटवण्यापुरती उष्णता. शेगडी पेटत नाही याचा अर्थ या तिघांपैकी एक कमी आहे. कोणती, ते क्रमाने शोधावे. शोधताना शेगडी थंड असावी आणि विजेची असेल तर प्लग काढलेला असावा.

आधी गोळ्या पाहा. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले, उसाचे चिपाड असे पदार्थ बारीक दळून यंत्रात जोराने दाबले की ते स्वतःच्याच चिकाने घट्ट होतात. पण एकदा ओल लागली की गोळी फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. चांगली गोळी बोटांनी मोडली तर 'कट्' आवाज करून तुटते आणि तिला तकाकी असते. दमट गोळी मऊ लागते, वाकते किंवा कुस्करते. ओल्या गोळीची बरीच उष्णता आतले पाणी उडवण्यातच जाते, म्हणून नुसता धूर येतो. इंद्रायणीकाठच्या पावसाळी हवेत उघडी गोणी थोड्याच दिवसांत नासते. गोणी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये, खाली फळ्या घालाव्यात. रोजच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवाव्यात. गोणीच्या तळाचा चुरा शेगडीत ओतू नये, तो चाळून काढावा.

गोळ्या कोरड्या असतील तर हवा पाहा. भांड्याच्या तळाला आणि वरच्या कडेला भोके असतात. खालच्या हवेने गोळ्या तापून त्यांचा वायू होतो आणि वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेने तो वायू ज्योतीने जळतो. कालची राख न काढता आज गोळ्या भरल्या तर खालची भोके बुजलेलीच राहतात. काही गोळ्यांची राख वितळून खंगरासारखे खडे होतात, ते चिमट्याने काढावे लागतात. भोके तारेने किंवा जुन्या टूथब्रशने मोकळी करावीत. नंतर पंखा चालू करून हात धरून पाहावे. झुळूक लागली नाही तर बॅटरी उतरली आहे किंवा पात्यांवर धूळ आणि तेलाचा थर बसला आहे.

आता पेटवण्याची रीत. भांडे भरून खालून पेटवण्याची आपल्याला चुलीमुळे सवय आहे. पंख्याच्या शेगडीत रीत उलटी आहे, जाळ वरून लावायचा. गोळ्या वरच्या भोकांच्या खालपर्यंतच भराव्यात. वर वाळलेल्या लाकडाच्या पातळ ढलप्या किंवा नारळाची शेंडी पसरून काडी लावावी. पंखा सुरुवातीला अगदी मंद ठेवावा, कारण जोराची हवा कोवळी ज्योत विझवते. वरचा थर लाल झाला की हवा वाढवावी. मध्येच वरून गोळ्यांचा ढीग ओतला तर ज्योत दबते आणि धूर सुटतो. भांडे एका वेळेच्या स्वयंपाकापुरते भरायचे, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी जात आपोआप पेटणाऱ्या यंत्राची. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या माउंट एंजल गावी जो ट्रेगर यांनी 1980 च्या दशकात मांस भाजण्याची अशी ग्रिल बनवली, तिच्यात हीच रचना असते. पेटीतल्या गोळ्या मळसूत्री दांडा हळूहळू छोट्या भांड्यात ढकलतो, विजेची कांडी त्यांना पेटवते आणि पंखा हवा देतो. इथे बिघाड चार जागी शोधावा. पेटी रिकामी आहे का? दांड्यात भुसा अडकून तो फिरायचा थांबला आहे का? भांडे राखेने भरल्यामुळे कांडी झाकली गेली आहे का? आणि कांडी तापते तरी का? कांडी लाल होत नसेल तर ती जळाली आहे किंवा तिची तार सुटली आहे. ते काम वायरमनचे, ओल्या हाताने आपण करायचे नाही.

विजेच्या दाबाकडेही पाहा. कांडीची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 व्होल्टच्या जागी 180 व्होल्ट मिळाले तर उष्णता सुमारे 61 टक्केच उरते. बारीक तारेची लांब एक्स्टेन्शन कॉर्ड लावली तरी असेच होते. तेव्हा यंत्र बिघडले असे समजण्याआधी ते थेट भिंतीवरच्या अर्थिंगच्या प्लगला लावून पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पहिला प्रयत्न फसला तर लगेच दुसरा करू नका. भांड्यात गोळ्या साचलेल्या असतात आणि त्या धुमसत असतात. तो पांढरा दाट धूर नुसता धूर नाही, तेही जळणच आहे. झाकणाखाली तो साचला आणि एकदम ज्योत मिळाली तर सगळा एका दमात भडकतो. म्हणून यंत्र बंद करा, तोंड बाजूला ठेवून झाकण हळू उघडा आणि निवू द्या. मग भांडे पूर्ण रिकामे करून नव्याने सुरुवात करा. धुमसत्या गोळ्यांवर रॉकेल, डिझेल, थिनर किंवा सॅनिटायझर कधीही ओतू नका. ज्योत धार धरून बाटलीपर्यंत येते.

धुमसत्या गोळ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायूही निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखू लागले, गरगरले, मळमळले तर शेगडी तशीच सोडून उघड्यावर या. खिडकी उघडी असल्याशिवाय अशी शेगडी पेटवू नये. थंडीत उब मिळावी म्हणून निखारे झोपायच्या खोलीत नेऊ नयेत. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालावी, कारण तिच्यात निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहू शकतो.

एवढे करूनही भाजलेच तर भाजलेला भाग 20 मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही लावू नये. चिकटलेला कपडा ओढू नये. जखम मोठी असेल तर 108 ला फोन करावा.

आमच्या कँटीनमधल्या भगिनींना एक सुचवतो. भिंतीवर एक कागद लावा आणि त्यावर चार शब्द लिहा: गोळ्या, राख, पंखा, वीज. शेगडी पेटली नाही की या क्रमाने पाहा आणि जे सापडेल ते तारखेसह खाली लिहा. महिनाभरात ठेकेदाराला दाखवता येईल की इतक्या वेळा गोणी दमट आली आणि इतक्या वेळा पंखा बंद होता. मग 'तुला पेटवता येत नाही' असे म्हणण्याआधी त्याला तो कागद वाचावा लागेल. कोरडे पिंप, हातमोजे आणि चालू पंखा मागताना तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.