ओढ्याकाठची ब्राह्मी आणि आपले उत्तरदायित्व

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी अभ्यासला आहे. वायु, उदक, देश आणि काल हे चार भाव दूषित झाले की भिन्न प्रकृतीची, भिन्न वयाची आणि भिन्न आहाराची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, हा त्याचा सर्वपरिचित आशय. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभीचा एक उपदेश आपल्या सहसा लक्षात राहत नाही. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवा, नंतर त्यांचे रस, वीर्य, विपाक आणि प्रभाव टिकणार नाहीत, असे भगवान पुनर्वसु आत्रेय शिष्यांना बजावतात. देश बिघडला की केवळ रोगी निर्माण होतात असे नाही, औषधही बिघडते, हा त्याचा इत्यर्थ होय. नवी मुंबईत व्यवसाय करणाऱ्या आम्हा वैद्यांना हा उपदेश फार उशिरा कळला, हे आरंभीच मान्य केले पाहिजे.

आमच्या चिकित्सालयात अनेक वर्षे एक मावशी ताजी ब्राह्मी आणून देत असत. बाजारात ब्राह्मीच्या नावाखाली मंडूकपर्णी येते. या मावशी मात्र खरी नीरब्राह्मी आणीत, म्हणून आम्हांस त्यांचे कौतुक होते. त्या ब्राह्मीचे घृत आम्ही सिद्ध करीत असू आणि परीक्षेच्या दिवसांत शाळकरी मुलांना देत असू. एकदा सहज विचारता त्यांनी जागा सांगितली. ती एका औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाने वाहणाऱ्या ओढ्याकाठची होती. आम्ही वनस्पतीचा नमुना प्रयोगशाळेत पाठविला. शिसे मर्यादेत होते, कॅडमियम मर्यादेच्या वर निघाले. एका नमुन्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही आणि वनस्पतीतील किती अंश घृतात उतरतो हा वेगळा प्रश्न आहे, हे आम्ही जाणतो. तथापि इतकी वर्षे आम्ही द्रव्याची ओळख पटवली, त्याचा देश मात्र विचारला नाही, ही चूक आमचीच होती.

खेदाची गोष्ट अशी की, विचारले असते तर उत्तर फार दूर नव्हते. तळोजा औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी आणि त्यातील जड धातू यांवर लोखंडे, सिंगारे व पिंपळे या संशोधकांचे अभ्यास २०११ मध्येच प्रसिद्ध झाले होते. ठाणे खाडीतील गाळावर पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे दिसू लागले, तेव्हा कासाडी नदीची चर्चा देशभर झाली. रंगद्रव्याशी संबंधित एक कारखाना त्या वेळी बंद करण्यात आला. आम्ही ती बातमी नागरिक म्हणून वाचली, वैद्य म्हणून नाही.

ब्राह्मीच्या बाबतीत तर अज्ञानाची सबबही टिकत नाही. ती पाण्यातील तांबे व कॅडमियम शोषून घेते, हे १९९० मध्येच भारतीय संशोधकांनी प्रयोगाने दाखवून दिले. पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी जो गुण जलशुद्धीसाठी उपयुक्त मानतो, तोच गुण औषधनिर्मात्यासाठी धोक्याची सूचना ठरतो. वनस्पती एकच, तिच्यावरील दोन प्रबंध मात्र परस्परांस अपरिचित. १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून आपले प्रबंध तिकडे आणि पर्यावरणाचे प्रबंध मुंबई विद्यापीठात, अशी ही विभागणी आहे. दोन्हींचा विषय एकाच भूमीत उगवलेला आहे, याचा विसर पडू नये.

२००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारद वा सोमल आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा आपण रसौषधींच्या शोधन-मारणाचा पक्ष हिरिरीने मांडला, आणि तो मांडणे आवश्यकही होते. परंतु काष्ठौषधीत मातीतून आलेल्या धातूवर शोधन-मारणाचा कोणताही संस्कार झालेला नसतो. तेथे तो युक्तिवाद लागू पडत नाही. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची चाचणी सक्तीची झाली. शिसे १०, सोमल ३, पारद १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा आपणांस ठाऊक आहेत. परदेशातील रुग्णासाठी जी दक्षता, ती पनवेलच्या मुलासाठी का नसावी?

काही वैद्यबंधू म्हणतील की, असे लिहिल्याने टीकाकारांच्या हाती कोलीत मिळेल. आमचे मत उलट आहे. दोष आपण शोधला तर ते शास्त्राचे सामर्थ्य ठरते. दुसऱ्याने शोधला तर ती बदनामी ठरते. लहान फार्मसीला प्रत्येक घाण्याची चाचणी परवडत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच काही सूचना कराव्याशा वाटतात.

द्रव्यगुण व रसशास्त्राच्या प्रत्येक प्रबंधात वनस्पतीच्या ओळखीबरोबरच ती कोठून, कोणत्या महिन्यात व कोणत्या पाण्यावर वाढलेली घेतली, याची नोंद असावी. सुश्रुताने भूमिप्रविभागीय अध्यायात औषधासाठी भूमीची परीक्षा सांगितलीच आहे. त्या परीक्षेत आज माती व पाण्याची रासायनिक तपासणी समाविष्ट व्हावी. अशा विषयांना पर्यावरणशास्त्राचा सहमार्गदर्शक घ्यावा. औषधनिर्मात्यांनी खरेदीच्या वहीत संकलनस्थानाचा एक रकाना वाढवावा; त्यास काहीच खर्च नाही. आपल्या संघटनेने ओल्या जागी वाढणाऱ्या ब्राह्मी, मंडूकपर्णी, माका या द्रव्यांची सामुदायिक तपासणी करून घ्यावी, म्हणजे खर्च वाटला जाईल.

राहता राहिल्या मावशी. त्यांची ब्राह्मी घेणे आम्ही थांबविले, तेव्हा माझी वनस्पती खोटी आहे का, असे त्यांनी विचारले. ती खोटी नव्हती, पाणी खोटे होते. दोष त्यांचा नसताना उत्पन्न मात्र त्यांचे बुडाले. आता त्या वसाहतीपासून दूर, डोंगराकडील एका शेतकऱ्याच्या ओलाव्याच्या जागेतून ब्राह्मी आणतात. येण्याजाण्याचा खर्च अधिक पडतो, म्हणून आम्ही भाव वाढवून देतो. पहिल्या खेपेचा नमुना तपासूनच वापरास घेतला. शुद्ध देशातील औषध हवे असेल तर त्याचे मूल्य वैद्याने आणि फार्मसीने चुकविले पाहिजे. ते ओढ्याकाठी वाकून वनस्पती काढणाऱ्या बाईवर किंवा घृताचा चमचा विश्वासाने घेणाऱ्या मुलावर टाकता येणार नाही. पुढील खरेदीच्या वेळी प्रत्येक वाचकाने आपल्या पुरवठादारास द्रव्याचा देश अवश्य विचारावा, इतकीच नम्र विनंती.