संशोधन गवंड्याच्या हाती पडले पाहिजे

बांधकामातील संशोधन म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे धरणे, पूल आणि उंच इमारती येत असतील. पण या शास्त्राची खरी कसोटी साध्या घराच्या भिंतीत लागते, असे माझे मत आहे. ते का, हे पाहा.

१९३१ साली बलुचिस्तानात माच येथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार या रेल्वे अभियंत्याने भूकंपाचा हादरा हिशेबात धरून क्वेट्टा येथे कर्मचाऱ्यांची घरे बांधली. ३१ मे १९३५ रोजी भूकंपाने क्वेट्टा शहर जमीनदोस्त केले. ही घरे मात्र उभी राहिली!

भिंत पडते का? हादऱ्याने जमीन आडवी हलते. भिंत जितकी जड, तितके तिच्यावर येणारे आडवे बल जास्त. मग कोपऱ्यापाशी भिंती एकमेकींपासून सुटतात आणि बाहेरच्या बाजूला कोसळतात. यावर उपाय साधा आहे. दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना वेढणारा सळया आणि काँक्रीटचा सलग पट्टा घालायचा. पेटीला पट्टी आवळावी तसा तो भिंतींना एकत्र धरतो. रुरकी विद्यापीठात १९६० पासून भूकंप अभियांत्रिकीचे संशोधन सुरू झाले. तेथे तर रुळांवरील वाघिणीवर लहान घर बांधून, तिला धक्के देऊन हे उपाय पारखले गेले. कोयनेचा भूकंप झाला त्या १९६७ सालीच अशा बांधकामाचे भारतीय मानकही प्रसिद्ध झाले.

आणि तरीही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली. तेथील भिंती जाडजूड होत्या, पण मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये खडीमातीची भर. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते. वर मातीचे जड माळवद. ज्ञान होते, ते गावच्या गवंड्यापर्यंत पोहोचले नव्हते.

काही जण म्हणतील, दगडमातीची घरे पाडून काँक्रीटची बांधली की झाले. हे मला पटत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही कोसळल्या. त्यांतील अनेकांचा तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडलेला होता. दोष पदार्थाचा नसतो. तो जोडणीचा असतो. किल्लारीनंतर जुन्या भिंतींना भोके पाडून, त्यांत सळई व काँक्रीट भरून दोन्ही थर सांधण्याचा उपाय योजला गेला. जुने घर न पाडताही बळकट करता येते.

म्हणून उद्याच्या संशोधनापुढचा प्रश्न मला असा दिसतो: गरिबाला परवडेल आणि गवंड्याला सहज जमेल असा उपाय कोणता? प्रयोगशाळेत तो यशस्वी झाला म्हणजे काम संपले नाही, निम्मेच झाले.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. फळीवर लहान ठोकळ्यांचे चौकोनी घर रचून फळी आडवी हलवावी. मग वरच्या थराला घट्ट पट्टी बांधून पुन्हा हलवावी. आणि मित्रहो, तुमच्या गल्लीत नवे घर उभे राहू लागले, की गवंडीमामांना जरूर विचारा, ‘पट्टा घातला का?’