गडांची मोजणी आणि गडांची निगा

युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी यांसह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्याचा आनंद महाराष्ट्राने साजरा केला, हे योग्यच झाले. परंतु सह्याद्रीतला पाऊस कोणाचे प्रमाणपत्र पाहून थांबत नाही. आज उभा असलेला बुरूज पुढल्या पावसाळ्यात ढासळला, तर तो मुळात कसा होता हे सांगणारी मोजमापे आपल्या दप्तरी असतील काय?

अशी मोजमापे छायाचित्रांवरून काढण्याची विद्या नवी नाही. प्रशियन स्थापत्यविशारद अल्ब्रेख्त मायडेनबावर हा १८५८ मध्ये वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला आणि त्यातूनच त्याला ही कल्पना सुचली. एकच वस्तू दोन ठिकाणांहून टिपली की चित्रांत तिची जागा किंचित बदलते. त्या फरकावरून गणिताने अंतर व आकार काढता येतो. प्रशियाने १८८५ मध्ये या कामासाठी स्वतंत्र संस्थाच स्थापन केली. बामियानची प्रचंड बुद्धमूर्ती तालिबानने मार्च २००१ मध्ये उद्ध्वस्त केली. परंतु रॉबर्ट कोस्टका यांनी १९७० मध्ये घेतलेल्या छायाचित्रांवरून झुरिकच्या संशोधकांनी तिची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर घडविली. छायाचित्रे जपून ठेवलेली होती, म्हणूनच हे साधले.

आता ड्रोन आणि संगणक यांनी हे काम पुष्कळ सुलभ केले आहे. २०२० च्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी याच पद्धतीने हाती घेण्यात आली. घराची हद्द ज्या साधनाने ठरते, त्याने तटाची भेग मोजता येणार नाही काय? प्रत्येक गडावर कायम खुणा रोवून, त्यांची स्थाने अचूक ठरवून, पावसाळ्याआधी व नंतर मोजणी केली, तर कोणता तट किती सरकला हे तो कोसळण्यापूर्वी कळेल. अशा खुणांवाचून केलेले नकाशे देखणे दिसतील, पण त्यांवर विसंबता येणार नाही.

तथापि दोन गोष्टींचे भान राखले पाहिजे. या बारा किल्ल्यांपैकी आठ केंद्राच्या आणि चार राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. दोघांनी निरनिराळे ठेके देऊन पर्यटनाच्या जाहिरातीपुरती चलच्चित्रे तयार करून घेतली, तर पैसा खर्च होईल आणि दप्तर रिकामेच राहील. मूळ छायाचित्रे व मोजमापे शासनाच्या ताब्यात राहावीत आणि अभ्यासकांना खुली असावीत. दुसरे असे की, कॅमेऱ्याला दिसते तेवढेच तो टिपतो. झुडपांखाली दडलेले टाके किंवा दगडांत शिरलेले पिंपळाचे मूळ शोधण्यास माणसालाच गड चढावा लागेल, आणि ते मूळ काढण्यास गवंडी व मजूरच लागतील. मोजणीच्या खर्चाबरोबर या निगराणीचीही तरतूद व्हावयास हवी. नाहीतर कोसळलेल्या तटांच्या अचूक प्रतिकृती तेवढ्या आपल्या हाती उरतील.