तार रुंद, वेग मंद

एप्रिल २०१७ मध्ये जगातील आठ रेडिओ दुर्बिणींनी कृष्णविवरांचा वेध घेतला. त्यातून साचलेली काही पेटाबाइट माहिती तारेने पाठवणे व्यवहार्य नव्हते. हार्ड डिस्कच्या पेट्या विमानाने अमेरिकेतील हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीत बॉन येथे न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरील पेट्या तर तेथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या.

ध्रुवाची गोष्ट निराळी. परंतु जेथे प्रकाशतंतूंची रुंद वाट पोहोचली आहे, तेथेही मोठी फाइल रखडते, याचे काय? दोष वाटेचा नसून वाहतुकीच्या शिस्तीचा आहे. पाठवणारे यंत्र थोडी माहिती सोडते आणि पोच येईपर्यंत थांबते. टीसीपीच्या मूळ रचनेत पोचेआधी ६४ किलोबाइटच सोडता येत. समुद्रापार जाऊन परतण्यास सेकंदाचा पाचवा भाग लागला, तर सेकंदाला जेमतेम ३२० किलोबाइट जातात; तार कितीही रुंद असो! या हिशेबाने एक टेराबाइट पोहोचण्यास महिन्याहून अधिक काळ लागेल. ही मर्यादा १९९२ मध्ये वाढवण्याची सोय झाली. तथापि वाटेत एखादे पाकीट हरवले की यंत्र आजही आपला वेग एकदम घटवते. ही सावधगिरी अनाठायी नव्हे. १९८६ मध्ये तिच्याअभावी कॅलिफोर्नियातील जाळे जवळजवळ ठप्प झाले होते. पण लांबच्या पल्ल्यावर तिची किंमत फार पडते.

यावर उपाय आहेत. एकाच फाइलचे अनेक प्रवाह करणारी ग्रिडएफटीपी वैज्ञानिकांनी वापरली, तर हरवलेली पाकिटेच तेवढी पुन्हा पाठवणारी पद्धत खासगी कंपन्यांनी विकली. प्रश्न तंत्राचा उरलेला नाही, खर्चाच्या क्रमाचा आहे.

राष्ट्रीय ज्ञान जाळ्यासाठी केंद्राने २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपये मंजूर केले. सर्नच्या प्रयोगांची माहिती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येते, ती अशा जोडण्यांच्या बळावरच. हा खर्च योग्यच होता. परंतु धरण बांधून पोटचाऱ्या न खणण्याची आपली जुनी खोड येथेही आड येऊ शकते. संस्थेच्या दाराशी रुंद वाट आणायची आणि आत प्रत्येक पाकीट एकाच मंद पहारेकऱ्यापुढे तपासणीला उभे करायचे, तर क्षमता कागदावरच राहणार. अमेरिकेतील संशोधन संस्थांनी मोठ्या माहितीसाठी स्वतंत्र, मोजके नियम असलेली मार्गिका काढली. पहारा काढून टाकणे हा अर्थात उपाय नव्हे. २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्याच साधनातील एका छिद्राने हजारो संस्थांची माहिती चोरांच्या हाती गेली. कूटबद्धता हवीच, ती आता प्रोसेसरमध्येच होत असल्याने वेगाची सबबही टिकत नाही.

सिंचनाच्या अहवालात निर्मित क्षमता आणि प्रत्यक्ष वापर असे दोन रकाने असतात. ज्ञान जाळ्यावरील प्रत्येक संस्थेनेही मिळालेल्या जोडणीशेजारी प्रत्यक्ष मोजलेला वेग दरवर्षी छापावा. मोजण्याचे परफसोनार हे साधन फुकट मिळते. लागेल तो ते चालवणारा एक जाणता माणूस, आणि त्याचे पद मात्र अंदाजपत्रकात धरावे लागेल.